इवायाची गादी

सन २००३. मी बासष्ट वर्षांचा होतो, आणि माझ्या पोरीच्या सासऱ्याइतका शिंकणारा माणूस अख्ख्या गोंदिया जिल्ह्यात दुसरा नव्हता. आमच्याकडे व्याह्याला इवाई म्हणतात. हे माझे इवाई आमगावचे. शिंकायला लागले की पंधरा-वीस शिंकांशिवाय थांबत नसत. पोरीच्या लग्नात मंगलाष्टकं म्हणणारा भटजी त्यांच्यापायी दोनदा थांबला, तिसऱ्यांदा चिडून तसाच पुढे गेला. शिंकांनंतर दम लागायचा, तेव्हा मात्र कोणी हसत नसे.

कशाची ॲलर्जी आहे ते त्यांनी स्वतःच शोधायला घेतलं. रोज एक वस्तू. आज मोहफूल हुंगायचं, उद्या धानाचा कोंडा, परवा सुनेची पावडर, आणि सगळं वहीत लिहायचं. एकदा सबंध दुपार बकरीच्या तोंडाजवळ तोंड नेऊन बसले. एकही शिंक आली नाही तेव्हा आपल्या बायकोला, म्हणजे आमच्या विहीणबाईंना म्हणाले, "बकरी सुटली. आता तुझी पाळी." विहीणबाई तीन दिवस माहेरी जाऊन राहिल्या.

आमच्या घरी इवायाचा मान म्हणजे सावरीच्या कापसाची गादी. वर्षभर पेटीत बंद, इवाई आले की बाहेर. त्या वर्षी ते नागपूरहून तपासणी करून आले. डॉक्टरने हातावर एकेका वस्तूच्या अर्काचे थेंब ओळीने टाकून टोचलं होतं. बाकीच्या जागा तशाच राहिल्या, एक मात्र बोराएवढी फुगली. आमच्याकडे आले तर गादी सोडून उघड्या खाटेवर आडवे.

"काऊन जी इवाई, आमची गादी टोचून राहिली का?"

"गादी नाही जी, गादीच्या धुळीतले किडे. डोळ्याले दिसत नाहीत ते."

"दिसत नाहीत तर हायेत कशावरून?"

त्यांनी हात पुढे केला. मी पाहिला नाही. माझ्या घरात किडे म्हणायचं, आणि तेही माझ्या बायकोसमोर! म्हणालो, "ज्या दिवशी या गादीवर झोपाल, त्या दिवशी तुमच्या घरची पायरी चढीन."

चौथीपुढे मी शाळा पाहिली नाही, पण बोललेला शब्द मागे घ्यायला मी कोणत्याच इयत्तेत शिकलो नसतो. पोर त्याच घरात होती. तिला मुलगी झाली, बारसं झालं, नात चालायला लागली. मी गेलो नाही.

तिकडे इवायांनी दंडात सुया घेणं सुरू केलं. त्याच किड्यांचं औषध, आधी नावापुरतं, मग वाढवत, अंगाला सवय व्हावी म्हणून. तीन वर्षं. सुई झाली की दवाखान्यात अर्धा तास बसावं लागे, तेवढ्यात दुसऱ्या रोग्यांना आपली वही वाचून दाखवत.

मग एका दुपारी न सांगता आले. जेवले आणि म्हणाले, "गादी काढा."

"राहू द्या जी. दम लागंल."

"दम माझा हाय. काढा."

आडवे झाले. दोन शिंका आल्या. मी उंबऱ्यावर बसून तिसरीची वाट पाहत राहिलो. छातीतली शिट्टी काही वाजली नाही. दोन तासांनी उठले, धोतर झटकलं. "झोपलो. आता नात पाहाले चाला."

इवाई आता नाहीत. गादी आहे, पण ती मी कोणाला घालत नाही. त्या दिवशी ते रात्री मुक्कामाला राहिले, तेव्हा मीच त्यांना उघडी खाट दिली. दुसऱ्या दिवशी सकाळी ते आंघोळीला गेले तेव्हा गादी अंगणात उन्हात टाकली, काठीने झोडपली. मलाच चार शिंका आल्या, त्या कोणाला सांगितल्या नाहीत, आणि इवायांच्या मागोमाग पहिल्या रेल्वेने आमगावला गेलो.