दिवसाउजेडी घरी पोचणारी गाडी

लखमीचंदला मोटारीचं वेड आहे असं सगळं कारंजा गाव म्हणायचं, पण वेड हा शब्द फारच सौम्य झाला. बाजारातल्या त्याच्या कापडाच्या दुकानात तुम्ही धोतरजोडी घ्यायला गेलात आणि तेवढ्यात रस्त्यावरून एखादी गाडी गेली, की मीटरपट्टी हवेतच थांबायची. वर न बघता तो सांगायचा, "डॉक्टरसायबाची फियाट. दुसऱ्या गेरात हाये. तिसरा टाकाले पायजे आता." गिऱ्हाईक बिचारं तोंडाकडे बघत राहायचं. मी, पंजाबराव, त्याचा शेजारी. एका कापसाच्या जिनिंगमध्ये कारकून आणि जन्मभर सायकलवाला. मोटार या वस्तूबद्दल मला आजही फारसं प्रेम नाही. तिच्यात बसलं की गुडघे पोटात येतात आणि वर मालकाचं कौतुक ऐकावं लागतं. तरीही चौऱ्याहत्तर सालच्या हिवाळ्यातली एक संध्याकाळ आठवली की मला एकट्यालाच हसू फुटतं, आणि घरचे काळजीनं विचारतात, काय झालं म्हणून.

लखमीचंदकडे आधी एक छोटी गाडी होती, दोन दारांची. कंपनीचं नाव मी मुद्दाम सांगत नाही, त्यांनी मला कधी चहासुद्धा पाजलेला नाही. तिचं इंजिन बघायचं म्हणजे पुढचं अख्खं नाकच दिव्यांसकट वर उचलावं लागे, आणि लखमीचंद ते कारण नसतानाही दिवसातून दोनदा उचलायचा. मागे बसायचं तर पुढची सीट दुमडून, अंग चोरून, वाकून आत शिरायचं. गल्लीत ती एका दमात वळायची, हे मी मान्य करतो. पण मोकळ्या रस्त्यावर वळण आलं की तिचं शेपूट आधी एकीकडे आणि मग दुसरीकडे जायचं. मागच्या माणसाला आपण नक्की कोणत्या गावाला निघालोय याची शंका यायची. म्हणून लखमीचंद वळणावर बैलगाडीच्या चालीनं जायचा. खड्डा दिसला की थांबायचा, खड्ड्याकडे नीट बघायचा आणि मगच गाडी त्यात उतरवायचा.

मागचं माणूस म्हणजे त्याची बायको, प्रेमाबाई. बायकांनी मागे बसायचं हा त्या घरचा रिवाज. बाई गोऱ्या, ठेंगण्या, आणि बोलायला अशा तिखट की मी त्यांच्याशी दारात उभं राहूनच बोलायचो. घर जैनांचं. दिवस मावळला की त्या घरात चूल बंद आणि तोंडही बंद. अन्न नाही, पाण्याचा थेंब नाही, ते थेट दुसऱ्या दिवशी सूर्य वर आल्यावर. आता अशा घरात अशी गाडी म्हणजे काय होणार? कुठेही जा, परत येताना दिवस वाटेतच बुडायचा. घरी आमटी-भात झाकलेला, आणि ही दोघं शेतांच्या मधोमध खड्डे मोजत.

"पर्युषणात मी जेवढे उपास केले ना भाऊजी, त्याच्याहून जास्त या मोटारीनं घडवले," प्रेमाबाई मला सांगायच्या. "अन् पुन्याई कोनाले? मोटारीले!"

मग त्याच कंपनीनं त्या गाडीला नवा अवतार दिला. चार दारं, मागचा आख नवा, कमानपाटे, म्हणजे खालच्या स्प्रिंगा, नवे, तोंडवळाही बदललेला. अकोल्याच्या एजंटशी लखमीचंदचं लांबचं नातं होतं. तेवढ्यावर त्यानं ती गाडी चार दिवसांच्या बोलीवर घरी आणून उभी केली. पटली तर ठेवायची, नाही तर सोमवारी परत. जुनी तोवर अकोल्यालाच बदलीत ठेवलेली.

गल्ली गोळा झाली. त्याचा थोरला चुलतभाऊ कस्तुरचंदही आला. अडतीचा व्यापारी, पोट सुटलेला, आणि दाराशी अँबॅसिडर. तो नव्या गाडीभोवती एक फेरी मारून म्हणाला, "लखमी, खेळण्याले चार दारं लावली तरी ते खेळनंच ना रे!" लोक हसले. लखमीचंदनं फडक्यानं काच पुसली आणि बायकोकडे बघितलं, कारण निकाल तिथून लागायचा होता.

प्रेमाबाईंनी उंबऱ्यातूनच निकालाची अट सांगितली. "उद्या मानोऱ्याले माह्या बहिनीकडे, पानाबाईकडे जाऊ. लेक बाळंत झाली तिची. दिवस असताना मले परत आनून घरच्या पाटावर जेवाले बसवा, त गाडी ठेवा. नाई त सोमवारी अकोल्याले. अन् डबा घेनार नाई मी संगं. परीक्षा म्हंजे परीक्षा."

लखमीचंदचा चेहरा पांढरा पडला. ही गाडी गेली तर दुसरी कुठली येणार नव्हती, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. प्रेमाबाई एकदा नाही म्हणाल्या की तो विषय कायमचा मिटायचा. साक्षीदार म्हणून त्यानं मला ओढलं. "तुमी मोटारीचे दुश्मन हाये पंजाबराव," तो म्हणाला, "तुमच्यावर तिचा इश्वास बसन."

दुसऱ्या दिवशी दुपारी निघालो. मी पुढे, बाई मागे, स्वतःच्या दारातून, ताठ मानेनं आत शिरलेल्या. मी तोंड वाकडं करूनच बसलो होतो. पण खरं ते सांगायला हवं. पहिल्या वळणावर मी सवयीनं दाराची कडी धरली आणि शेपूट जाण्याची वाट बघितली. ते गेलंच नाही! गाडी वळली, मागची चाकं पुढच्यांच्या मागे मुकाट्यानं आली. लखमीचंदनं माझ्याकडे बघितलं. मी खिडकीबाहेर बघितलं. पुढच्या वळणावर त्यानं जरा जोरात घेतली. तरीही आली.

डॉक्टरांच्या फियाटमध्ये मी एकदा ताप आला असताना बसलो होतो. गाडी नेटकी, चालही गोड, पण तिच्यात मला सारखं आपण पेशंट आहोत असंच वाटत राहिलं. कस्तुरचंदच्या अँबॅसिडरमध्ये लग्नाला गेलो होतो. ती म्हणजे चालता दिवाणखाना. आत आम्ही नऊ जण आणि एक पेटी, तरी कुणाची तक्रार नाही. पण ती वळवायची तर कस्तुरचंद आधी दोन्ही बाह्या वर सारायचा. ही नवी पोरगी तशी नव्हती. खड्ड्यात दणका बसायचा, नाही असं नाही. जुनीपेक्षा थोडा कडकच बसायचा, आणि लखमीचंदच्या टोपीनं छपराला दोनदा शिवून घेतलं. पण दणक्यानंतर ती डुलत बसायची नाही. दणका खाल्ला, पुढे निघाली. गेर बोटानं पडायचे. मला राग येत होता, कारण मजा वाटायला लागली होती.

मानोऱ्याला पानाबाईंनी चारलाच ताटं मांडली. बहिणीला उपाशी पाठवणं त्यांच्या जिवावर आलं होतं. लखमीचंद हावरटासारखा पाटाकडे सरकलाही. एवढं जेवलं की मग दिवस बुडो नाही तर उगवो! पण प्रेमाबाईंनी ताटाला हात जोडले. "मी घरी जेवीन. तुमीबी."

"अवं, पन बहिनीचं मन..."

"परीक्षा कोनाची हाये? माही का गाडीची?"

पानाबाई रुसल्या, बाळंतीण हसायला लागली, आणि भरल्या ताटांवर मी एकटा बसलो. मला सूर्याची काही अडचण नाही. मी दोघांच्या वाटची पुरणपोळी खाल्ली आणि वर तूप मागून घेतलं.

निघायला मात्र उशीर झाला. रुसवा काढायला वेळ लागतोच. कस्तुरचंदही तुरीच्या सौद्यासाठी मानोऱ्याला आला होता, तो आमच्या आधीच अँबॅसिडर हाकत निघून गेला. त्यालाही दिवसाउजेडी जेवायचं होतं ना. जाता जाता खिडकीतून हात काढून ओरडला, "या सावकाश! ताट झाकून ठेवाले सांगतो."

आणि तेव्हा प्रेमाबाई म्हणाल्या, "भाऊजी, तुमी मांगं बसा. मले सूर्य दिसाले पायजे." कारंज्याकडे जाताना सूर्य डाव्या हाताला, आणि पुढे बसलं की तो मोकळा दिसायचा. बावीस वर्षांच्या संसारात त्या पहिल्यांदा नवऱ्याशेजारी पुढच्या सीटवर बसल्या. लखमीचंद इतका गडबडला की गाडी आधी मागेच गेली.

रस्ता कापसाच्या गाड्यांनी भरलेला. प्रत्येक बैलगाडी एवढी फुगलेली की पुढचं काही दिसायचं नाही. जुन्या गाडीत लखमीचंद अशा गाडीमागे मुकाट्यानं चालायचा, जणू त्याच वरातीतला. आता तो हॉर्न देत, थोडं बाहेर डोकावत, सुळकन पुढे जायला लागला. प्रेमाबाई आधी सूर्याकडे बघत होत्या. मग एकदा सूर्याकडे, एकदा काट्याकडे. मग नुसत्या रस्त्याकडे. रस्ता असा अंगावर येतो हे मागे बसून त्यांना कधी कळलंच नव्हतं.

"हा काटा काय सांगून राह्यला?"

"वेग."

"अजून जाते का तो?"

लखमीचंदनं पाय दाबला. काटा गेला. बाईंनी डोक्यावरचा पदर दातात धरला आणि त्यांच्या तोंडातून एक आवाज निघाला, तो मी त्या घरातून कधी ऐकला नव्हता. बाई चक्क खिदळत होत्या.

पुढे धुळीत अँबॅसिडर दिसली. "अवो, ते कस्तुरभाऊजीच ना? टाका त्याइले मांगं!" लखमीचंद म्हणाला, वळण हाये पुढं. "मंग काय झालं? हे थोडी जुनी हाये?" ही बाई गाडीची वकिली करत होती, आणि ते तिच्या लक्षातही आलेलं नव्हतं! वळण सरलं, समोर रस्ता मोकळा होता, आणि आमचं खेळणं त्या दिवाणखान्याच्या बाजूनं निघालं. प्रेमाबाईंनी खिडकीतून हात बाहेर काढून थोरल्या दिराला हात हलवला. कस्तुरचंदचं तोंड उघडंच राहिलं. मीही मागे ओरडलो, काय ओरडलो ते लिहिण्यासारखं नाही.

कारंज्याच्या वेशीबाहेर आलो तेव्हा सूर्य झाडांच्या चांगला वर होता. घर समोर, पाट मांडलेला, आमटी गरम. जिंकलो होतो! लखमीचंदचे डोळे पाण्यानं भरले, ते मी आरशात बघितले. आनंदाच्या भरात त्यानं वेशीपुढच्या मैदानात गाडी गर्रकन एक चक्कर फिरवली, जागच्या जागी, भिंगरीसारखी.

"हे काय केलं?" प्रेमाबाईंनी विचारलं. "पुन्हा करा."

त्यानं पुन्हा केलं. मग उलटी. मग बाई म्हणाल्या, "कामरगावच्या रस्त्याले घ्या थोडी. तो रस्ता मोकळा राह्यते."

"अवं, दिवस बुडून राह्यला! जेवन! पाट!" लखमीचंद कळवळून म्हणाला. "आपन पोचलो ना वं! आता हरवतं काय मले?"

"बुडू द्या त्याले. तो काय, रोज बुडते."

आम्ही कामरगावच्या रस्त्यानं निघालो. मी मागून दोनदा आठवण करून दिली, माझं कुणी ऐकलं नाही. उजवीकडे तुरी पिवळ्या, डावीकडे लालभडक सूर्य खाली खाली चाललेला, आणि बाई वाऱ्यावर केस सोडून नवऱ्याला वळणं दाखवत होत्या. शेवटी सूर्य गेला. लखमीचंदनं गाडी बाजूला घेऊन थांबवली. दुपारपासून त्याच्या पोटात काही नव्हतं आणि आता उद्यापर्यंत पाणीही नव्हतं.

"बुडला," तो हळूच म्हणाला. "मंग... सोमवारी?"

"सोमवारी जा ना अकोल्याले," प्रेमाबाई म्हणाल्या.

त्यानं दोन्ही हात स्टिअरिंगवर टेकवले आणि मान खाली घातली. मला त्या माणसाची खरंच कीव आली.

"यष्टीनं जा," बाई म्हणाल्या. "अन् सांगा त्याइले, गाडी घरी ठेवली म्हून. आता चला, उभे कायले राह्यले?"

लखमीचंदला हसताना गेर सापडेना. बाईंनी त्याच्या हातावर हात ठेवून तो शोधायला लावला, आणि दोघं तशीच उपाशी, तहानलेली, हसत घराकडे निघाली.