भिंतीकडे तोंड

कुणाला काही द्यायचं झालं की जिजी आधी तोंड भिंतीकडे फिरवायची.

नाटकाच्या तालमीत आमच्या हार्मोनियमवाल्याचा डबा घरी राहिला असेल, तर ती कळण्याची भाकरी त्याच्या हार्मोनियमजवळ सरकवायची आणि बोलायची मात्र भिंतीशी, "खाई ले रे भाऊ." आम्ही तिची नक्कल करायचो. एकदा मी कारण विचारलं. म्हणाली, "देतांना घेनाराना तोंडकडे देखू नको, दादा. तो लाजस."

नंदुरबारात आमच्या गल्लीचं नाटक दर हिवाळ्यात होतं. मी शाळेत मास्तर, म्हणून नाटक लिहिणं आणि बसवणं माझ्याकडे. जिजी दिवसभर मिरची वाळवायच्या पथारीवर देठ खुडायची आणि संध्याकाळी तालमीला येऊन कपड्यांची पेटी सांभाळायची. तिने हात लावलेल्या प्रत्येक कपड्याला मिरचीचा झोंबणारा वास असायचा. आमचा राजा सिंहासनावर बसला की पहिली शिंक द्यायचा, मग संवाद. प्रेक्षकांना ती शिंक नाटकातलीच वाटायची.

त्या वर्षी मी दानावर नाटक लिहिलं. 'या हाताचं त्या हाताला कळू नये' हे वाक्य त्यात तीन वेळा होतं. शेवटी पथारीवरच्या बायांना रंगमंचावर खरीखुरी ब्लँकेटं वाटायची, ही कल्पनाही माझीच. पहिलं नाव मी जिजीचं ठरवलं. तिला विचारलं नाही. तिला आनंद होईल असं मला वाटलं होतं, आणि खरं सांगायचं तर टाळ्याही हव्या होत्या.

मी माईकवर म्हणालो, "पथारीवर राबणारी आमची गरीब जिजी!"

आमच्यासाठी भाकरी बांधून आणणाऱ्या बाईला मी भरगल्लीत गरीब म्हणालो. ती पदराला हात पुसत विंगेतून आली आणि प्रेक्षकांकडे पाठ करून उभी राहिली. पडद्याकडे तोंड. प्रेक्षकांना पाठ दाखवायची नाही, हा माझा तालमीतला नियम. शिवाय समोर फोटो काढणारा खोळंबला होता. मी तिचे दोन्ही खांदे धरले आणि तिला समोर वळवलं. टाळ्या पडल्या. तो फोटो अजून माझ्या मोबाईलमध्ये आहे. त्यात मी हसतोय आणि जिजी खाली बघतेय.

आठवड्याने ती घरी आली, पेटीची किल्ली द्यायला. सुरतेला लेकीकडे चालली होती.

"पेटी देखी ले दादा, सगळं जागावर शे."

"जिजी, तुझ्यावर विश्वास नाही का?" मी म्हणालो आणि पेटी उघडली नाही. माफी मागायचं तेव्हा सुचलंही नाही. पावसाळ्यात ती सुरतेलाच वारल्याचं कळलं.

या हिवाळ्यात तालमीसाठी पेटी उघडली. राजाचा शेला काढला आणि मला सटकन शिंक आली. त्याखाली तिला दिलेलं ब्लँकेट होतं, प्लास्टिकच्या पिशवीत, दुकानातल्या घडीचं. नाटकाचं सामान तिने नाटकाच्या पेटीत ठेवलं होतं. तिचं चुकलं असं मला म्हणता येईना.

मी पिशवी फाडून ते नाकाशी धरलं. मिरचीचा वास कुठेच नव्हता.