भास्करने मारलेले नातेवाईक

मृत्यूपुढे माणसाच्या साऱ्या मुदती गळून पडतात. निदान सुरतच्या कापड बाजारात त्या चार-पाच दिवस पुढे तरी जातात, हे माझा मित्र भास्कर याने वर्षानुवर्षे सिद्ध करून दाखवलं.

गेल्या महिन्यात सकाळीच मंगलवहिनींचा फोन आला. "भाऊजी, हे गेले..." आणि थोडं थांबून, "खरंच गेले." नवरा गेल्याचं सांगताना बाईला 'खरंच' म्हणावं लागावं, यात भास्करचा सगळा व्यवसाय आला.

सुरतच्या डिंडोली भागातल्या घरी बसून तो साड्यांच्या छपाईची डिझाइनं करायचा. नोकरी कुणाचीच नाही, शेठ अनेक, आणि प्रत्येकाला काम लग्नसराईच्या आधी हवं. काम लांबलं की भास्कर गावाकडचं एखादं माणूस मारायचा. धुळ्याकडच्या खेड्यात खात्री करायला कोण जाणार? फोन वहिनी करायच्या. रडवेला आवाज त्यांना चांगला जमे. काका, मावशीचे यजमान, आत्याचा मुलगा... शेठ हळहळायचे, मुदत वाढायची, भास्कर दुपारी झोपायचा. पुढे समाजाच्या हॉलमध्ये 'ताण न घेता डेडलाइन कशी सांभाळावी' यावर त्याचं भाषणही झालं. शाल, नारळ, टाळ्या. वेळेचं नियोजन, नकार देण्याची कला, दीर्घ श्वास, सगळं त्याने सांगितलं. काकांचा उल्लेख तेवढा राहिला.

एका दिवाळीआधी काका संपले, तेव्हा त्याने आई मारली. नेमका तो शेठ भला निघाला. हार घेऊन घरीच आला. "बा गुजरी गया? अरेरे!" बा, म्हणजे आई, तेव्हा आतल्या खोलीत मेथी निवडत होत्या. शेठ गेल्यावर म्हातारी बाहेर आली. "माले मारी टाकं का रे, भाऊ?" मग हार निरखून म्हणाली, "फुलं तरी ताजी शेतस." आम्ही पोट धरून हसलो. सगळ्यांत जास्त तीच हसली.

दोनेक वर्षांनी ती गावी खरोखर वारली. बहिणीचा फोन आला: लगेच निघ, तुझ्यासाठी थांबलोय. त्याच संध्याकाळी त्याच शेठचं काम द्यायचं होतं. मी म्हणालो, "सांग ना त्यांना."

"काय सांगू? हार घालून गेलेत ते."

"मग काका सांग."

त्याने माझ्याकडे पाहिलं. "आईच्या मयताला काकाच्या नावानं जाऊ?"

आणि तो कॉम्प्युटरपुढे मोरांचं डिझाइन पुरं करायला बसला. दोन तासांत उरकतो, म्हणाला, तेवढं थांबतील. ही मुदतही थोडी वाढेल, असं त्याला वाटलं असावं. दुपारी काम पाठवून त्याने बस पकडली. पोचला तेव्हा अग्नी दिलेला होता... पुतण्याने.

त्यानंतर त्याने कुणाला मारलं नाही. कामं वेळेवर देऊ लागला. दुपारची झोप गेली, रक्तदाबाच्या गोळ्या आल्या आणि आता तोही गेला.

शोकसभेत तेच शेठ बोलायला उभे राहिले. "भास्करभाई टाइमचे एकदम पक्के. एकदा तर संध्याकाळचं काम दुपारीच मोकललं होतं. आवा माणस हवे नथी मळता, असा माणूस आता मिळत नाही." वहिनी खाली बघत होत्या.

बाहेर पडताना मी शेठना विचारलं, त्या दुपारच्या डिझाइनची साडी बघायला मिळेल का. त्यांनी जरा आठवून पाहिलं. ते छापलंच नव्हतं. त्या वर्षी मोर चालले नाहीत.