सलोनीचं दुसरं भाषण

प्राचार्यांच्या टेबलावर शाल आणि नारळ ठेवलेला होता. समोर चार-पाच पाहुणे चहा पीत होते. त्यांच्या पुढाऱ्याला सगळे भाऊ म्हणत. ते मला म्हणाले, "पोरीचं पूर्ण नाव सांगा मॅडम, आडनावासकट. बॅनरवर टाकायचं आहे."

पोरगी म्हणजे सलोनी, माझ्या राज्यशास्त्राच्या वर्गातली. चंद्रपूरच्या आमच्या कॉलेजात वादविवाद स्पर्धा मी घेते. त्यात बाजू चिठ्ठीने ठरते. स्वतःचं मत काहीही असो, चिठ्ठीत निघेल ती बाजू मांडायची. अंतिम फेरीत बाजू उलटते. सकाळी जे पटवून दिलं तेच दुपारी खोडून काढायचं. यंदाचा विषय होता, आरक्षण जातीवर नको, आर्थिक परिस्थितीवर हवं. सलोनीच्या चिठ्ठीत 'बाजूने' निघालं. ती बौद्ध घरातली, पण बोलली अशी की परीक्षक लिहायचं विसरले. दुपारी तेच भाषण खोडून तिने पहिलं बक्षीस घेतलं. तोवर जेवणं झाली होती आणि अर्धं सभागृह घरी गेलं होतं.

सकाळच्या भाषणाचा छोटा तुकडा कोणीतरी व्हॉट्सॲपवर सोडला. खाली ओळ होती, 'बघा, त्यांचीच मुलगी काय म्हणते.' चिठ्ठीचा उल्लेख कुठेच नव्हता.

शिव्या येणार हे मी धरून चालले होते. त्या आल्याच. पण जातीवरच्या आरक्षणाला विरोध करणारी ही मंडळी सत्कार करायला येतील असं वाटलं नव्हतं. शाल खांद्यावर पडून एकदा फोटो निघाला, की पोरगी कायमची त्यांच्या खात्यात जमा. मग मोहल्ल्यात तोंड कसं दाखवणार? नको म्हणावं तर पाहुण्यांचा अपमान, आणि हे पाहुणे अपमान विसरणाऱ्यांतले दिसत नव्हते.

मी व्हरांड्यात आले. तिथे सलोनी आणि तिचे वडील उभे होते. वडील माजरीच्या कोळसा खाणीत नोकरीला.

"मॅडम, रविवारी विहारात माह्याशी कोणी बोललं नाई," ते म्हणाले. "आता हा फोटो निघाला त आमी कुठी जाऊ?"

मी सलोनीला म्हटलं, "तू लायब्ररीत जाऊन बस. आजारी आहेस असं सांगते."

"मी काऊन लपू, मॅडम? स्पर्धा तुमची, चिठ्ठी तुमची."

तिचं बरोबर होतं. मला फक्त भीती वाटत होती. तेवढ्यात प्राचार्यांनीच दार उघडलं. "या, या. अहो, सत्कारच आहे. कोणी मारायला नाही आलं."

वडील बाहेरच थांबले. आम्ही दोघी आत गेलो. भाऊंनी शालीची घडी मोडली. "हिम्मत लागते बेटा, असं बोलाले."

"शाल मंग घालजा, भाऊ," सलोनी म्हणाली. "ते अर्धंच होतं. उरलेलं आयका." ओढणीचं टोक तिने मुठीत गच्च धरलं होतं.

"माह्या बाबाचा पगार चांगला आहे. मागच्या वर्षी आमी इथी भाड्यानं घर पाह्यलं. मालकानं आधी पूर्ण नाव इचारलं, आडनावासकट. मंग म्हणे, घर द्यायचं नाई. भाडं आमाले परवडत होतं, भाऊ. आडनाव त्याले नाई परवडलं. आता सांगा, हे तुमी पगाराच्या स्लिपवर कुठी पाहान?"

फोटो काढायला आलेल्याने मोबाईल खिशात टाकला. भाऊ शालीची किनार चाचपत बसले. मग "बोलते चांगली" एवढंच म्हणाले, शाल पिशवीत कोंबली आणि मंडळींना घेऊन निघाले. नारळ मात्र राहिला. प्राचार्यांनी तो घाईने कपाटात ठेवून दिला.

मी बाहेर आले आणि आत काय झालं ते वडिलांना सांगितलं. त्यांचा चेहरा जरा सैल पडला. मग त्यांनी विचारलं, "याचा व्हिडिओ काढला असन न कोणी?"

कोणीच काढला नव्हता. मी तर पर्समधल्या मोबाईलला हात लावायलाही घाबरले होते.

पुढच्या रविवारी सलोनीने विहारात उभं राहून दोन्ही भाषणं म्हणून दाखवली. तेव्हा कुठे मोहल्ला निवळला. पण तो तुकडा अजून फिरतो, आणि अनोळखी नंबरवरून फोन आला की तिचे बाबा अजून दचकतात. मी आता दोन्ही फेऱ्यांचं पूर्ण रेकॉर्डिंग करून ठेवते. आजवर ते मागायला कोणी आलेलं नाही.