पुसलेलं गाऱ्हाणं

आमच्या गावच्या घरात येणारी प्रत्येक वस्तू आधी मुंबईत निवृत्त झालेली असते. मिक्सर, टीव्ही, दार न लागणारं कपाट, सगळं मोठ्या दिरांच्या घरात नकोसं झालं की आमच्याकडे येतं. त्यांना मी भावोजी म्हणते. लॅपटॉपही असाच आला. "अजून चांगला आहे, वापर," म्हणत त्यांनी तो माझ्या हातात ठेवला आणि जाताना आंब्याच्या पेट्या गाडीत चढवल्या. त्या लॅपटॉपवर मी कमवायला लागेन, असं त्यांच्या स्वप्नातही आलं नसेल.

माझा नवरा बोटीवर असतो. वर्षातले बरेच महिने तो समुद्रात आणि मी रत्नागिरीजवळच्या या घरात. सासरे होते तोवर त्यांच्या दुखण्यात दिवस जायचा. ते गेल्यावर पुण्याच्या एका संस्थेचं काम मिळालं. त्या संस्थेचे लोक गावोगाव म्हाताऱ्यांच्या मुलाखती घेतात. मी ते रेकॉर्डिंग ऐकायचं आणि शब्द न् शब्द टाइप करून पाठवायचा. माझ्या कामाला कुणीतरी 'छान झालंय' म्हणतं, हा अनुभव मला लग्नानंतर पहिल्यांदाच आला.

यंदा आषाढात संस्थेने कळवलं की जुन्या सिस्टिमवर यापुढे त्यांचं सॉफ्टवेअर चालणार नाही, नवीन टाकून घ्या. मी टाकायला गेले तर पडद्यावर ठसठशीत अक्षरांत आलं, हा संगणक नव्या सिस्टिमसाठी पात्र नाही. माझं डोकंच फिरलं. तरी शांतपणे भावोजींना फोन लावला, कारण ते कंप्युटरवाल्या कंपनीत मोठ्या हुद्द्यावर आहेत.

"त्याच्यावर नवीन सिस्टिम? अगं, त्यात ती सुरक्षेची चिपच नाही," ते हसले. "आणि तुला कशाला हवीय? रेसिपी बघायला आहे ती पुरे की."

"आत तुमचं बरंच सामान दिसतंय, फोटो वगैरे. काढून ठेवू का?"

"काही नको. सगळा कचरा आहे. पुसून टाक."

'तुला कशाला' हे त्यांचं माझ्यासाठी ठेवणीतलं वाक्य. त्यातलं सगळ्यात जास्त लागलं ते गेल्या गणपतीतलं. आमच्याकडे आरती झाली की घरातला मोठा माणूस देवासमोर उभा राहून गाऱ्हाणं घालतो. घरातल्या एकेकाचं नाव घेऊन त्याला सांभाळ म्हणून देवाला सांगायचं, आमच्या वाइटावर कोण असेल त्याला बघून घे म्हणायचं, आणि जमलेल्या वाडीने प्रत्येक वाक्याला 'व्हय म्हाराजा' म्हणायचं. सासऱ्यांचं गाऱ्हाणं ऐकायला पलीकडच्या वाडीतूनही माणसं यायची. ते गेल्यावर हा मान भावोजींकडे गेला आणि गाऱ्हाणं 'बाप्पा, सर्वांना सुखी ठेव' एवढ्यावर आटोपलं. वाडीतले म्हातारे एकमेकांकडे बघायचे. गेल्या वर्षी मी म्हटलं, मला थोडं आठवतंय, मी घालू का? भावोजी सगळ्यांसमोर म्हणाले, "तुला कशाला? बायका कधी गाऱ्हाणं घालतात का? तू प्रसादाचं बघ." मी प्रसादाचं बघितलं. पण त्या दिवसापासून तो माणूस माझ्या डोक्यातून गेला नाही.

म्हणून ही सिस्टिम मी निव्वळ रागाने टाकली. व्हिडिओ बघून कळलं की पेन ड्राइव्ह तयार करतानाच एक खूण केली, तर ती पात्रता तपासायची भानगडच होत नाही. कंपनी जबाबदारी घेत नाही, पुढे काही बिघडलं तर तुमचं तुम्ही बघा, एवढंच. माझं मी बघत नाही असं काय आहे?

ती टाकताना आतलं सगळं पुसलं जाणार होतं. त्याआधी म्हटलं, मुंबईचा कचरा कसा असतो ते बघू तरी. हॉटेलांतले फोटो, ऑफिसच्या सहलींचे फोटो, आणि त्यातच त्यांच्या मोबाईलवरून आलेलं एक रेकॉर्डिंग. कानाला हेडफोन लावला तर आत सासरे बोलत होते. त्यांच्या शेवटच्या गणपतीचं गाऱ्हाणं, पहिल्या शब्दापासून शेवटपर्यंत.

"बा गणपती म्हाराजा, आज जी काय तुजी येडीवाकडी सेवा केली हाय, ती गोड मानून घे म्हाराजा!" थोरला मुंबईला हाय, त्याच्या नोकरीला यश दे. मुंबईची सून, तिची पोरं. धाकटा दर्यावर हाय, त्याची बोट सुखरूप किनाऱ्याला लाव. गोठ्यातली गाय. कलमांचा मोहोर. पायरीवर बसणारं कुत्रंसुद्धा. मला वाटलं, माझं नाव ऐकायचं राहून गेलं. एकेक वाक्य मागे नेऊन ऐकायची मला कामामुळे सवयच आहे. मागे नेलं, परत ऐकलं. आवाज वाढवून ऐकलं. दुपारभर मी माझं नाव शोधत होते आणि ते नव्हतंच. होता तो मागे भांड्यांचा आवाज. ती भांडी मी घासत होते.

या माणसाला मी भरवलं होतं, त्यांचं अंथरूण बदललं होतं. त्यांनी देवापुढे कुत्र्याची आठवण काढली. मला रडू आलं, पण रडण्यापेक्षा राग मोठा होता.

ते रेकॉर्डिंग मोबाईलवर घेता आलं असतं. घेतलं नाही. थोरल्याने पुसून टाक म्हणून सांगितलं होतं आणि मी पडले आज्ञाधारक.

लॅपटॉपची बॅटरी कधीच मेलेली, वायर निघाली की खेळ खलास, आणि पावसात आमच्याकडची लाइट कशी असते ते सांगायला नको. पडद्यावर सिस्टिम बसल्याचे टक्के वाढताना मी बल्बकडे बघत बसले. तो दोनदा मिणमिणला आणि मी त्याला चारचौघांत न सांगण्यासारख्या शिव्या दिल्या. शेवटी नवी सिस्टिम उघडली. सगळं चालू, फक्त आवाज बंद! माझं तर कामच ऐकायचं. मग जुन्या सिस्टिमसाठीचा आवाजाचा ड्रायव्हर शोधून तोच जबरदस्तीने बसवला, तेव्हा मशीनला कंठ फुटला. संस्थेचं सॉफ्टवेअर उघडलं, अडलेलं काम पाठवून दिलं. भावोजींना कळवावंसं फार वाटलं, पण दम धरला.

गणपतीला ते आले ते हातात नवाकोरा स्पीकर घेऊन. वाडीत आधीच सांगत सुटले होते, "यंदा बाबांचं गाऱ्हाणं ऐकवतो. त्यांच्या आवाजात!" त्यामुळे आरतीला ओटी भरून बाहेर अंगणातल्या खळ्यापर्यंत माणसं उभी होती. आरती संपली. भावोजींनी स्पीकर देवाशेजारी ठेवला आणि मला हाक मारली, "लॅपटॉप आण गं. बाबांचं रेकॉर्डिंग त्यात आहे."

"नाही," मी म्हटलं. "पुसलं."

"पुसलं? कुणाला विचारून?"

"तुम्हाला. आषाढात फोनवर. काढून ठेवू का म्हटलं, तर सगळा कचरा आहे म्हणालात."

भावोजींचा चेहरा उतरला. खरं सांगते, मला इतकं बरं वाटलं की त्याची लाजही वाटली नाही. ते देवाकडे वळले, हात जोडले, "बाप्पा..." म्हणाले आणि पुढे त्यांना काही सुचेना.

मी माजघराच्या दारातून पुढे आले. ओल्या हातांनीच देवासमोर उभी राहिले आणि सुरू केलं, "बा गणपती म्हाराजा, आज जी काय तुजी येडीवाकडी सेवा केली हाय, ती गोड मानून घे म्हाराजा!"

मग मागून एका म्हाताऱ्याचा आवाज आला, "व्हय म्हाराजा!" आणि त्याच्यामागून सगळी वाडी. पुढचं सगळं सासऱ्यांच्याच क्रमाने आलं. थोरला, त्याची बायको, पोरं, दर्यावरचा धाकटा, गाय, कलमं, कुत्रं. मी कुणालाही गाळलं नाही. भावोजीही मान खाली घालून 'व्हय म्हाराजा' म्हणत होते.

मग मी म्हटलं, "आनि म्हाराजा, ह्या घरची धाकटी सून, जिनं म्हाताऱ्याचं सगळं केलं आनि तुज्यासमोर रोज दिवा लावला, ती मी." माझं नाव मी मोठ्याने घेतलं. "मला सांभाळ, आनि मला जो कोन मागं लोटंल त्याला तू बघून घे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" वाडी म्हणाली. भावोजींचे ओठ हलले नाहीत.

मी पुढे गेले नाही. त्यांच्याकडे बघत तेच वाक्य परत म्हटलं, नावासकट. वाडी परत म्हणाली. ते गप्पच. मी तिसऱ्यांदा म्हटलं आणि या वेळी वाडीही गप्प राहून त्यांच्याकडे बघायला लागली.

"व्हय म्हाराजा," भावोजी म्हणाले.

मग मी पुढचं वाक्य घेतलं.