गुरुवारची सुट्टी आणि माझी उडी

मैत्रिणींनो, केस अजून ओले आहेत, पण सांगितल्याशिवाय राहवत नाही.

आमच्या ह्यांची कंपनी चाकणला, सुट्टी गुरुवारी. अख्खं जग रविवारी फिरतं आणि आम्ही मोशीत घरी बसतो, म्हणून लग्नापासून मी या गुरुवारला नावं ठेवत आले. आज पोरं शाळेत गेल्यावर म्हटलं, चला, मावळातला तो धबधबा तरी बघू.

रविवारी तिथं गाडी लावायला जागा नसते. आज सगळा डोह रिकामा! पावसाळा सरलाय, त्यामुळे वरून बारीक धार आणि खाली शांत, नितळ पाणी.

माझं माहेर बीडकडचं. पाठीला पत्र्याचा डबा बांधून दादांनी मला आमच्या विहिरीत पोहायला शिकवलं होतं. लग्नानंतर मात्र कधी पाण्यात उतरलेच नाही. आज ओढणी कमरेला घट्ट बांधली.

"अगं, लोक काय म्हणतील?" हे घाबरले.

"कुठले लोक? आज गुरुवार आहे!" म्हटलं आणि घेतली उडी.

अंग काही विसरलं नव्हतं हो! पार धारेखाली जाऊन परत आले. हे काठावर माझ्या चपला हातात धरून उभे. मी बाहेर आल्यावर हळूच म्हणाले, "मला शिकवशील का?"

येताना वाटेत तेलाचा रिकामा डबा घेतलाय. आता ह्यांचं वजन पेलेल अशी दोरी कुणाकडे आहे का? गुरुवारी लागणार आहे.