पेढीनाम्यावरचा अंगठा

नोटरीवर माझा राग नाही. त्याने विचारायचं ते सगळं विचारलं, मगच लाल शिक्का मारला. खोटा मी निघालो.

वडील गेल्यावर सुरतेच्या नवागाम वस्तीतली त्यांची खोली मोठ्या भावाला स्वतःच्या नावावर करून घ्यायची होती. त्यासाठी इथे पेढीनामं लागतं, म्हणजे मयताचे वारस कोण याची यादी. ती खरी आहे असं आईने नोटरीसमोर शपथेवर सांगायचं होतं. भावाने कागद गुजरातीत टाइप करवून आणला. घरात गुजराती वाचता येणारा मी एकटा, कारण माझी शाळा इथलीच. मी वाचला. आई, भाऊ आणि मी. बहिणीचं नाव नव्हतं. मी भावाकडे पाहिलं.

"ती तिना घर सुखी शे," तो म्हणाला. "उगाच फाटे फोडू नको."

मी कागदाची घडी घालून त्याच्या हातात दिली.

बहीण तेव्हा आखाजीच्या सणाला धुळ्याकडून माहेरी आली होती. आईचे गुडघे धरलेले, म्हणून तीच आईला हाताला धरून कोर्टाच्या आवारात घेऊन आली. नोटरीने चष्म्यावरून पाहत आईला विचारलं, "माजी, छोकरां केटलां?"

"दोन," आई म्हणाली.

आमच्याकडे जुनी माणसं असंच मोजतात. दिलेली लेक परक्याची; पोरं किती म्हटलं की मुलगेच सांगायचे. आईच्या मनात काडीचं पाप नव्हतं. शेजारी उभ्या बहिणीलाही त्यात वावगं वाटलं नाही, तिने जन्मभर तेच ऐकलं होतं. नोटरी माझ्याकडे वळला.

"पढके सुनाया ना इनको?"

"हां," मी म्हणालो.

बहिणीने आईचं मनगट धरलं, अंगठा शाईच्या गादीवर टेकवला आणि कागदावर नीट दाबला. मग स्वतःच्या पदराने तो पुसला. मला ओरडावंसं वाटलं, पण ओरडलो नाही. इतका भेकड माणूस मी दुसरा पाहिला असता तर त्याच्या तोंडावर थुंकलो असतो.

आईने आणि मी हक्क सोडून दिला आणि खोली भावाच्या नावावर झाली. वर्षभरात आई गेली. त्यानंतर नवऱ्याने बहिणीला घराबाहेर काढलं. दोन पिशव्या घेऊन ती नवागामला आली, तर भाऊ दार अडवून उभा, त्याच्यामागे मी. खोली माझ्या नावावर आहे, म्हणाला.

"बाप तर मन्हा बी व्हता," ती म्हणाली.

त्याने आतून पेढीनाम्याची झेरॉक्स आणून तिच्या हातात दिली. कागद तिने उलटसुलट करून पाहिला. अक्षरं तिच्या ओळखीची नव्हती. मग तो माझ्यापुढे धरला.

"वाच."

मी वाचला. पहिल्यांदाच मोठ्याने, मराठी करून, पार खालच्या शिक्क्यापर्यंत. ती मान हलवत ऐकत होती. मी थांबलो तरी ती वाट पाहत राहिली.

"मन्हं नाव कोठे शे?" तिने विचारलं.

मी पुन्हा पहिल्या ओळीपासून वाचायला लागलो.